सुभेदाराची उशी

रसूल पिंजाऱ्यानं भरलेली गादी नाही असं जुनं घर पलूसमध्ये शोधून सापडायचं नाही. पुढं फोमच्या गाद्या आल्या आणि त्याचं कापूस पिंजायचं यंत्र आठवड्यातून एखाद्या दिवशीच घरघरायला लागलं. तरी तो कधी कुणाच्या नावानं बोटं मोडताना दिसला नाही. त्याचा जीव दोनच ठिकाणी अडकलेला. एक कापसात आणि दुसरं गुंडा सुभेदारात.

गुंडा त्याचा शाळेपासूनचा सवंगडी. नाव गुंडा आणि नाद पोलिसांचा, म्हणून अख्खी आळी त्याची चेष्टा करायची. पलटणीतून पेन्शनीवर आला तेव्हा मऊ गादीवर त्याला झोप येईना. रसूलनं त्याला पातळ, घट्ट गादी आणि लाकडासारखी टणक उशी भरून दिली. "आता कशी बराक वाटाय लागली गड्या," गुंडा म्हणाला, आणि सकाळी उन्हं वर येईपर्यंत घोरत पडला.

टीव्हीवरची ती पोलिसांची मालिका सुरू झाली तेव्हा गुंडाचा मुलगा ऋषिराज शाळेत जात होता. त्याचं लग्न झालं, दीपमाला सून म्हणून घरात आली, तरी मालिका चालूच. आळीत मालिकेचं नाव कुणी घेत नसे. "पोलीस लागलं का?" एवढंच विचारायचं. जेवणं उरकली की रसूल सुभेदाराच्या सोप्यात, टीव्हीपुढं हजर. पहिली जाहिरात लागायच्या आत गुन्हेगार ओळखायचा, आणि हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी शेंगा भाजून आणायच्या, असा दोघांचा शिरस्ता. शेंगा बहुतेक रसूलच आणायचा. ज्याची दया येईल त्याला तो सोडून द्यायचा, आणि नेमका तोच गुन्हेगार निघायचा.

मालिका वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. सुरुवातीची काही वर्षं तर बावनकशी सोनं. त्यातला हवालदार भाकरी खाता खाता विचार करायचा, ठाण्याच्या भिंतींचे पोपडे निघालेले असायचे, चपलेला लागलेल्या मातीवरून तपास पुढं सरकायचा. मेलेल्याला नाव असायचं, त्याच्या मागं रडणारं माणूस असायचं. शेजारच्या मनुबाईला कुणीतरी फोनवर बँकेचा साहेब बनून नंबर विचारले, तेव्हा तिनं त्याची खरडपट्टी काढली ती ही मालिका बघूनच. जन्मात ठाण्याची पायरी न चढलेल्या माणसालाही वाटायचं की आपलंही कुणीतरी ऐकून घेईल. गरिबाला एवढा दिलासा दुसरं कोण देतं?

पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोष्टीला दर वेळी नवा चोर आणायचा कुठून? लिहिणाऱ्यांनी मग सोपी वाट धरली. चोर घरातलाच. भाऊ, बायको, जिवलग दोस्त. जो गोड बोलतो, ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही, तोच. तपास मागं पडला आणि साहेबाची थोबाडीत पुढं आली. एक थोबाडीत बसली की गडी घडाघडा बोलायचा. कोर्ट नाही, तारीख नाही, साक्षीदार फिरणं नाही.

"पर त्या दोस्ताच्या घरचं पुढं काय झालं?" रसूल विचारायचा.

"पुढं जाहिरात," गुंडा म्हणायचा, आणि दोघं हसायचे. गुंडानं त्यातून एक नियमच बांधला होता. "ध्यानात ठेव रसूल्या, जो घरात बसून च्या पितो, तोच असतो."

हे बोलताना गुंडाच्या घरात बसून रसूल चहाच पीत असायचा. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा दोघांनाही वाटलं नाही.

मग गुंडाची आठवण उसवायला लागली. आधी माणसांची नावं गेली, मग चष्मा, काठी, दातांची कवळी कुठं ठेवली ते सुचेना. मालिका तेवढी पक्की. जुना भाग परत लागला की चोर आधीच सांगायचा आणि लहान पोरासारखा खूश व्हायचा. रसूलही मुद्दाम चुकायचा आणि शेंगा आणायचा. शेंगा सोलून हातावर ठेवाव्या लागायच्या, एवढाच फरक.

सोप्यातल्या काचेच्या कपाटात गुंडाचं पदक होतं. बर्फातल्या ठाण्यावरून जखमी जवानाला खांद्यावर घालून आणलं होतं, त्याचं. कपाटाला कधी कुलूप नव्हतं. एक दिवस ते पदक दिसेनासं झालं. दीपमालानं डबे पालथे घातले, ऋषिराजनं माळा उपसला. पदक काही सापडेना. गुंडानं अन्न सोडलं. दिवसभर कपाटापुढं उभा राहायचा आणि काचेवर हात फिरवायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी रसूल आला, नेहमीच्या जागी बसला, दीपमालानं चहा दिला. गुंडा त्याच्याकडं बघत राहिला. कपाकडं बघितलं, परत तोंडाकडं बघितलं.

"ऊठ. हुबा ऱ्हा," तो म्हणाला. रसूल हसत उभा राहिला. आणि गुंडानं त्याच्या थोबाडीत मारली.

टोपी खाली पडली. ऋषिराज आतून धावत आला. "आबा, आवं काय करतायसा? चाचा हाय त्यो!"

"ह्योच! ह्यो रोज हितं च्या पितो. बोल, कुठं न्हेलंस माजं पदक?" बोलता बोलता गुंडाला रडू फुटलं. श्वास पुरेना. चार दिवस पोटात काही नसलेला म्हातारा माणूस, आता कोसळतो की काय असं झालं. आणि रसूलला काय सुचलं कोण जाणे, टाचा जुळवून तो म्हणाला, "व्हय साहेब. म्याच न्हेलं."

गुंडा तिथल्या तिथं शांत झाला. खाली बसला, दूधभात मागून खाल्ला आणि झोपला. मालिकेत होतं तसंच झालं. प्रकरण मिटलं. दारात ऋषिराजनं टोपी झटकून रसूलच्या हातात दिली. "चाचा, मनावर घिऊ नका." रसूल म्हणाला, "येड्या, दोस्ताची थोबाडीत हाय ती." घरी त्याची बायको रशीदा मात्र भडकली. न केलेली चोरी चार माणसांत कबूल करणारा तुमच्यासारखा शहाणा दुसरा नसेल, म्हणाली.

मालिका तिथं संपते. घरं संपत नाहीत. दुसऱ्या दिवशी रसूलला बघताच गुंडानं चष्मा मुठीत लपवला. तिसऱ्या दिवशी ओरडत सुटला. शेवटी दीपमालाच बाहेर आली, पदराशी चाळा करत म्हणाली, "चाचा, तुमाला बघितलं की लय बिथरत्यात. थोडं दीस येऊ नगासा." तिचं काही चुकलं नव्हतं. रसूल मान हलवून परत फिरला. पदक सापडेल, गुंडाला ते दाखवता येईल, एकदा तरी तो 'रसूल्या' म्हणेल, एवढ्या आशेवर तो राहिला. गुंडा त्या हिवाळ्यातच गेला. जाताना त्याच्या लेखी रसूल चोर होता. हे दुःख ज्याचं त्यालाच माहीत.

पदक नव्हतंच सापडलं. घरातला कोपरा न् कोपरा शोधून झाला, तेव्हा ऋषिराजच्या बोलण्यातलं 'चाचा' जरा आखूड झालं. आखूड म्हणजे तोडून नव्हे, पण त्यातला ओलावा गेला होता.

दहावा झाल्यावर गुंडाची गादी-उशी ओढ्याकडं टाकायला म्हणून अंगणात काढून ठेवली होती. रसूलनं तेवढी उशी मागितली. "न्या की," दीपमाला म्हणाली, "तुमीच भरलेली हाय."

रसूल ती उशी घेऊन झोपायला लागला. आत काहीतरी टोचायचं. आपल्या हातून सरकी राहिली असणार, असं त्याला वाटायचं आणि पिंजारी म्हणून लाज वाटायची. एका सकाळी कापूस नव्यानं पिंजायचा म्हणून त्यानं शिवण उसवली. एका बाजूला खाकी दोरा होता, सरळसोट फौजी टाका. 'सुभेदारानं फाटलेली शिवलेली दिसतीया,' असं मनात म्हणत त्यानं दोरा खेचून काढला. तो पिंजणीच्या पसाऱ्यात कुठं उडाला ते त्याला दिसलंही नाही. मग कापसात हात घातला आणि पदक हाताला लागलं.

त्याला आधी आनंद झाला. चोर सापडला होता! गुंडानं स्वतःच, चोराच्या भीतीनं, आपलं पदक डोक्याखाली शिवून ठेवलं होतं. आणि विसरला होता. रसूल तसाच चपला पायात सरकवायला लागला, तर रशीदानं हात धरला. "कृष्णेत टाकून या. तुमच्याकडं सापडलं म्हणून सांगणार व्हय?"

"चोर टाकतो," रसूल म्हणाला. "मी कशाला टाकू?"

ऋषिराज सोप्यातच बसला होता. रसूलनं पदक पुढं ठेवलं आणि सांगायला लागला. उशी, टोचणं, शिवण, खाकी दोरा. "दोरा कुठाय?" ऋषिराजनं विचारलं. तो कुठून दाखवणार? सांगता सांगता रसूलला आपलंच बोलणं ऐकू यायला लागलं. शेवटच्या जाहिरातीनंतर पकडलेला गडी असंच काहीतरी बोलतो. उशी तरी कुणी मागून नेली होती?

ऋषिराजनं पदक सदऱ्याला पुसलं, कपाटात ठेवलं आणि कपाटाला किल्ली लावली. मग येऊन रसूलच्या खांद्यावर हात ठेवला. हात खरंच मायेचा होता.

"जाऊ द्या चाचा. माघारी आणून दिलंसा, त्येच लय झालं. आमी कुणाला सांगत न्हाई."

दीपमाला चहा घेऊन आली. रसूलनं कप हातात घेतला, पण तो तोंडाला लावता येईना. गुंडाची थोबाडीत त्यानं हसत खाल्ली होती. ही माफी काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना, आणि चोरी झालीच नव्हती हे सांगू शकणारा एकच माणूस ओढ्याकाठी राख होऊन गेला होता.