सापाच्या पानावरची बटणं

चंद्रपुरात आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस म्हणजे एक खोली, आणि त्यात मी आणि रूपाली. एवढ्याशा खोलीत सांगण्यासारखं किती साचलंय, ते कोणी चहाला आलं की कळतं. सर्पदंशाच्या पानाचंच घ्या.

एका संस्थेला सगळी माहिती एकाच पानावर हवी होती. जंगलात रेंज जाते; पान एकदा उघडलं की सगळं हाताशी राहावं. मजकूर एका डॉक्टरांनी लिहिला. आधी सापांच्या जाती, मग विषाचे प्रकार, आणि चावल्यावर काय करायचं ते पार खाली. रूपालीनं मोबाइल त्यांच्याच हातात दिला आणि उपचार शोधायला सांगितले. डॉक्टर बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "मी लिहिलं होतं ना नक्की?"

मग आम्ही वर अनुक्रमणिका टाकली. नाव दाबलं की थेट त्या भागावर. अहेरीकडच्या एका गावात तिथल्या आशा सेविका शोभाबाईंना ती दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि अंगठ्यानं पान सरकवत बसल्या. नावं दाबली का नाहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, "अनुक्रमणिका वाचाची रायते. दाबाची कुठी रायते?"

अनुक्रमणिका गेली, जाडजूड बटणं आली. पहिल्यावर रूपालीनं लिहिलं, 'सर्पदंश : प्रथमोपचार'. शोभाबाईंनी ते बदलायला लावलं : 'साप चावला? इथी दाबा'.

मोहफुलांच्या दिवसांत त्याच गावच्या लालसूभाऊंना फुलं वेचताना साप चावला. लोक पाय दोरीनं करकचून बांधायला निघाले होते. शोभाबाईंनी पहिलं बटण दाबलं, पुढचं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दोरी बाजूला ठेवायला लावली. भाऊंना हलू न देता जीपमध्ये निजवून दवाखान्यात नेलं. ते वाचले. फोनवर हे ऐकलं आणि त्या दिवशी आमच्या दोघांच्याही हातून काही काम झालं नाही.

महिन्याभरानं आम्ही त्यांना भेटायला गेलो. भाऊंनी मोबाइल घेतला आणि सावकाश सरकवत पानाच्या तळाशी पोचले. तिथे पुन्हा सुरुवातीला नेणारं एक गोल बटण होतं. त्यावरची अक्षरं त्यांनी जुळवून वाचली, "वर जा."

मग रूपालीकडे बघून शांतपणे म्हणाले, "बाई, मी अर्ध्या वाटेतून वापस आलो. आता मले काऊन धाडून राह्यल्या?"