झेरॉक्सकाका आणि मस्कतची वाट

झेरॉक्सकाका कचरा टाकायला खाली उतरले तरी त्यांच्या शर्टाच्या खिशात पासपोर्टची झेरॉक्स असायची. कचऱ्याचा डबा इमारतीच्या मागेच होता. "तिथे कोण अडवणार आहे तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अडवणारा सांगून येत नाही, सूनबाई." मी त्यांची सून नव्हते. नव्वदीच्या दशकात लग्न होऊन मी शारजात आले, तेव्हा रोलाजवळच्या आमच्या इमारतीत समोरच्या दारात हे पुण्याचं जोडपं राहत होतं. त्यांनी मला आल्या दिवशी सूनबाई म्हणायला सुरुवात केली, आणि सासरची माणसं विमानाच्या अंतरावर असल्यामुळे मीही फारशी कुरकुर केली नाही.

त्यांना हसणं सोपं होतं आणि आम्ही सगळे हसायचो. पण त्या काळी आमच्यापैकी बहुतेकांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचे. माणसाजवळ उरायची ती नक्कल. काका एका कंत्राटदार कंपनीत स्टोअर सांभाळत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाच्या पावत्या जपलेला माणूस स्वतःच्या बाबतीत निष्काळजी राहणं शक्यच नव्हतं. "एक वर असू दे" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन प्रती मागितल्या की ते तीन काढत. ताटात पुरी वाढतानाही तेच म्हणत, त्यामुळे त्यांच्या घरून कुणी वेळेवर आणि हलक्या पोटाने परतलं नाही.

इमारतीतली एकटी राहणारी पोरं व्हिसाचे फॉर्म घेऊन त्यांच्याकडे यायची. काका आधी फोटो बघत. "कान कुठायत? दोन्ही कान दिसले पाहिजेत. जा, केस कापून ये." एकाला तर त्यांनी स्वतः न्हाव्याकडे नेऊन बसवलं. तो पोरगा चिडला होता, पण पुढे त्याच्या लग्नाची पहिली पत्रिका काकांनाच आली.

काकू या सगळ्याकडे दिवाणावर पडल्या पडल्या बघायच्या. त्यांच्या मणक्याचं दुखणं जुनं होतं. उभं राहता यायचं, हळूहळू चालता यायचं. बसणं मात्र अजिबात जमत नसे. त्या दिवाणावरून त्या घर चालवत, मला चकलीची भाजणी शिकवत आणि नवऱ्याची यथेच्छ टिंगल करत. "ह्यांना स्वर्गाच्या दारात थांबवलं ना, तर आनंद होईल. कागद दाखवायला मिळतील." काका हसायचे. त्यांनी काकूंना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. "अगं" म्हटलं की काम भागायचं.

काकूंची धाकटी बहीण मालू मस्कतला होती. इतकी वर्षं एवढ्या जवळ असून दोघींची भेट क्वचितच व्हायची. आणि एक दिवस मालूमावशीचा फोन आला. त्यांच्या यजमानांची नोकरी संपली होती. दोघं मुलाकडे कॅनडाला कायमची चालली होती. तिकडच्या व्हिसासाठी पासपोर्ट वकिलातीत अडकलेला, त्यामुळे निघण्याआधी शारजाला येणं तिला शक्य नव्हतं. आणि काकूंना विमानाच्या खुर्चीत पाव तासही काढता आला नसता. फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "जाऊ दे. आवाज ऐकला ना." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला तिथून उठता येईना आणि बसवेनाही. आता भेट झाली नाही तर या जन्मी होणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळलं होतं.

काका दुसऱ्या दिवशी एका लाँड्रीची जुनी व्हॅन बघून आले.

व्हॅनवर रंगाखालून लाँड्रीचं नाव अजून डोकावत होतं. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका पठाण सुताराकडून काकांनी आत पलंग बसवून घेतला, तळाला बोल्टने घट्ट केलेला, वर जाड गादी आणि धरायला दांडी. बाजूला पाण्याचा कॅन, छोटा पंखा, एक स्टूल. ते स्टूल माझ्यासाठी. काकूंना वाटेत उठवायला, आडवं करायला बाईमाणूस हवं होतं आणि आमच्या ह्यांना सुट्टी नव्हती, तेव्हा मीच निघाले. पण गाडीत पलंग टाकला म्हणून ती रस्त्यावर आणता येत नाही. वाहतूक खात्याची तपासणी आली. तपासणाऱ्याने आत डोकावून विचारलं, "ये क्या है? अॅम्ब्युलन्स?" काका म्हणाले, "नो सर. घर."

त्याला ते पटलं असावं. गाडीच्या मालकीचं कार्ड, त्याला इथे मुल्किया म्हणतात, ते नवीन मिळालं. मग ओमानमध्ये चालणारा विमा. मग कंपनीचं नाहरकत पत्र आणि तिच्या तिजोरीतून पासपोर्ट. मग माझं नाहरकत पत्र, जे माझ्या नवऱ्याने द्यायचं होतं. "मला मालूमावशीकडे जायला तुमची हरकत नाही असं लिहून द्या," हे वाक्य मी नवऱ्याला म्हटलं तेव्हा तो पोट धरून हसला, मी अजिबात हसले नाही. ओमानमध्ये शिरायच्या परवान्याचे अर्ज अरबीत लागायचे. ते काकांनी टायपिंग सेंटरमधून करून आणले आणि प्रत्येकाच्या तीन तीन प्रती काढल्या. अक्षर कळत नव्हतं, तरी एकेका ओळीवरून बोट फिरवून त्यांनी ते तपासले.

शुक्रवारी सकाळी निघालो. हत्ताच्या रस्त्याला डोंगर लागले तशी काकूंनी मला खिडकीचा पडदा सारायला सांगितला. "उघडेबोडके आहेत गं," म्हणाल्या, "पण डोंगर आहेत." गाणी म्हटली, चिवडा खाल्ला. काका गाडी इतकी हळू चालवत होते की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले.

इकडची चौकी सहज सुटली. ओमानच्या चौकीवर माझे कागद मिनिटभरात झाले. मग खिडकीतला तरुण अधिकारी काकूंचे कागद उलटसुलट करू लागला. त्याला छान हिंदी येत होती.

"अंकल, पासपोर्ट में लिखा है हाऊसवाइफ. इधर अर्जी में लिखा है बिंत. आपका बेटी. ये औरत कौन है?"

काकांना आधी कळेचना. मग मला उलगडा झाला. पासपोर्टवर नाव होतं सुमती वसंत आणि पुढे आडनाव. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या मधल्या नावात नवरा असतो. अरबी लिहिणाऱ्याच्या हिशेबी तिथे बाप असतो. सेंटरवाल्याने प्रामाणिकपणे सुमतीला वसंताची मुलगी करून टाकलं होतं.

"वाइफ, वाइफ!" काका म्हणाले आणि विजयी चेहऱ्याने त्यांनी लग्नाचा दाखला पुढे केला. शिक्क्यांसह, इंग्रजीत, तीन प्रती. अधिकाऱ्याने वाचलं आणि मान वर केली.

"इधर तो कुमुद है. अंकल, ये तीसरी औरत कौन?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "सर, हमारे में शादी के बाद नाम चेंज होता है."

"बाप का नाम भी?"

"हां. वो भी."

"और फॅमिली का नाम?"

"वो भी."

अधिकारी खरोखरच विचारात पडला. "तो फिर पुराना बचा क्या?"

काकांकडे सगळ्याची झेरॉक्स होती, याची नव्हती. त्यांनी फाईल उघडली, मिटली, परत उघडली. अधिकाऱ्याने कागद बाजूला ठेवले. शारजाला जा, अर्ज नवा करा, परत या. "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." पण पुढच्या आठवड्यात मालूमावशी कॅनडात असणार होती. काका तिथेच उभे राहिले. मागची रांग कुरकुरली तरी हलले नाहीत. शेवटी, "एक बार देख तो लो उसको," एवढंच म्हणाले. त्यांना कुणाची अशी विनवणी करताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

अधिकारी उठला. व्हॅनपाशी आला. काकांनी मागचं दार उघडलं आणि आतून काकूंचा आवाज आला, मराठीत, एका दमात. "अहो, किती वेळ! नको तेव्हा शंभर कागद आणि हवा तो एक नाही, असंच झालंय ना? मला माहीतच होतं. आणि टोपी कुठाय तुमची? उन्हात उभे राहिलात तासभर बोडक्याने, आता रात्री डोकं धरून बसाल, तेव्हा कोण चोळणार? पाणी तरी प्यायलात का?"

काका मान खाली घालून ऐकत होते. अधिकाऱ्याला एकही शब्द कळला नसणार. तो एकदा काकूंकडे, एकदा काकांकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला.

"खलास, अंकल. ये बेटी नहीं है. बेटी इतना नहीं बोलती." त्याने बिंत खोडून वर पेनाने दुसरा शब्द लिहिला, शिक्का मारला आणि जाताना म्हणाला, "टोपी पहनो, हबीबी."

मस्कतला रूवीमध्ये मालूमावशीचं घर जिन्यावर होतं. काकूंना प्रवासाने चढवेना. पण आम्ही हॉर्न वाजवायच्या आधीच ती धावत खाली आली. जिन्यातूनच ओरडली, "कुमे!" मी नकळत मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून. "आले गं मालू," काकू म्हणाल्या. तो आवाज मी ओळखला नाही. परकर नेसलेल्या मुलीचा होता तो. मालूमावशी सरळ व्हॅनमध्ये चढली आणि त्या अरुंद पलंगावर बहिणीच्या कुशीत आडवी झाली. दोघी आधी रडल्या, मग कुणा मास्तरांची नक्कल करून इतक्या हसल्या की व्हॅन हलायला लागली. आम्ही दार लोटून घेतलं.

काका सावलीत उभे होते. मला म्हणाले, "लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मीच लिहिलं, सुमती. आईने निवडलं होतं. हिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा."

"नाव छान आहे की काका," मी आपलं काहीतरी बोलले.

"छान आहे गं. पण तिचं नव्हतं."

परत आल्यावर त्यांनी काकूंचं नाव पासपोर्टवर बदलून घ्यायचं काढलं. काकूंनी उडवून लावलं. "या वयात? गॅझेट, प्रतिज्ञापत्र, नाना भानगडी. तुमची हौस फिटेल आणि मी मधल्यामध्ये बेनामी राहीन." पुढे काकांची नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला, व्हॅन विकली आणि त्या पैशात काकूंना विमानात आडवं न्यायची, स्ट्रेचरची महागडी सोय झाली. जाताना विमानतळावर काकांनी मला जवळ घेतलं आणि वर माझ्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते विचारलं. मी हसत हसत रडले. आजही कुठला कागद काढायचा झाला की एक प्रत माझ्या हातून जास्तीची निघते. मुलं म्हणतात, "Mom, it's all on the phone." म्हणू देत.

दोन हजार सालानंतर केव्हातरी, एका दुपारी मी ऑफिसात असताना पुण्याहून काकांचा फोन आला.

"सूनबाई, कुमुद गेली गं काल."

कोण कुमुद, असं ओठांवर आलं होतं. देवाची कृपा, ते मी बोलले नाही. मी रिसीव्हर कानाशी धरून नुसती रडत राहिले आणि तेच माझी समजूत घालू लागले.

"त्रास नाही झाला तिला," ते म्हणाले. "इथे आल्यापासून मी त्याच नावाने हाक मारत होतो. आधी लाजायची. मग ओ द्यायला लागली."