जुळ्यातली दुसरी

शेजारी आज काजूच्या बिया भाजतायत. तो तेलकट, घशात खवखवणारा धूर घरात शिरला आणि मी थेट कसालला, मावशीच्या अंगणात जाऊन पोचले.

सुमन माझी जुळी बहीण. आमचा चेहरा एकच. मावशीला मूल नव्हतं म्हणून तान्हेपणीच सुमन तिला दिली. मावशी शाळेत शिकवायची. त्या घरात सुमनला टेबल होतं, पुस्तकं होती, आणि तिने काही विचारलं की हातातलं काम बाजूला ठेवून उत्तर देणारं माणूस होतं. तसं माणूस मला नाही म्हणून माझा जीव जळायचा.

एका मे महिन्यात आई मला घेऊन कसालला आली होती, तेव्हा मावशीने आम्हा दोघींना एकच गणित घातलं. माझं आधी सुटलं. सुमन अजून मान खाली घालून बसलेली, तेवढ्यात मी तिची वेणी खुर्चीला बांधली. आईने मला बदडलं.

मावशी मध्ये पडली. "मारू नको गो. चेडू हुशार आसा. रिकामा बसला काय मस्ती करता. तेका वाचूक दी."

"आणि गोरवां कोण राखतला?" आई म्हणाली. घरची गुरं माझ्याकडेच असायची.

मी रडत वर पाहिलं. सुमन वेणी सोडवायचं विसरून आमच्याकडे बघत होती.

"माका आवशीन कधी मारूक नाय," ती हळूच म्हणाली.

आवस म्हणजे आई; मला वाटलं, ती मावशीलाच आई म्हणतेय आणि तिच्या लाडांचा तोरा मिरवतेय. त्या वाक्यावरून कितीतरी वर्षं मी तिचा हेवा केला. आज वाटतं, ती मावशीबद्दल बोलतच नव्हती. जिने तिला देऊन टाकलं, त्या आमच्या आईच्या हाताकडे ती बघत होती.