कूलरचं बटण

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. गाझियाबादच्या घरात बाल्कनीतल्या कूलरसाठी मी स्वतःच खोलीतल्या सॉकेटपासून वायर वाढवून नवं सॉकेट आणि बटण बसवलं. बटण फेजच्या वायरवर हवं. मी ते न्यूट्रलवर जोडलं, आणि अर्थिंग तर केलंच नाही. त्यामुळे बटण बंद केल्यावर कूलर थांबायचा, पण आत वीज असायचीच.

एका दुपारी पाणी भरताना बायकोला जोराचा झटका बसला. मी धावलो, तर बटण बंदच होतं. ती थरथरत म्हणाली, “अहो, मीच बंद करायला विसरले वाटतं.”

“लक्ष कुठे असतं गं तुझं?” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती भाजीला गेल्यावर मी मेन स्विच बंद करून सगळं नीट जोडलं. त्यानंतर प्रत्येक उन्हाळ्यात पाणी भरण्याआधी ती हाक मारायची, “अहो, बटण बंद आहे ना? माझा काही भरवसा नाही हं.”

मी उठून बघायचो, “बंद आहे,” म्हणायचो. पुढचं ओठांवर यायचं आणि राहून जायचं. आता ती नाही.

त्या दिवशीही तू बटण बंद केलं होतंस गं. चूक माझी होती. मला माफ कर.