वेगळं बसवलं असतं

सरांनी माझ्या आईच्या तोंडात दोन बोटं घालून गाल बाजूला ओढला आणि आम्हाला म्हणाले, "या, जवळ या. अशी तोंडं शहरात बघायला मिळत नाहीत."

सांगलीतलं दंत महाविद्यालय. माझं तिसरं वर्ष. खुर्चीत आई, पदर दोन्ही मुठींत घट्ट धरलेला. भोवती आम्ही वीस-बावीस पांढरे कोट. आई तासगावच्या शेडवर बेदाणा निवडायला जायची. त्यावर आमचं घर चालायचं आणि माझं शिक्षणही. दाढ ठणकत होती म्हणून मीच तिला म्हटलं होतं, कॉलेजात ये, तिथं फुकट काढतात. ती खाडा करून, ठेवणीतली साडी नेसून आली होती.

"मिश्री," सर म्हणाले. "दोन्ही वेळा जळका तंबाखू दातांना चोळायचा आणि मग निस्तरायला आमच्याकडे यायचं. काय मावशी, घरात आरसा आहे का?"

पोरं हसली. मीही हसले. हे मला बरीच वर्षं कुणाला सांगता आलं नाही. म्हणून सरांबद्दल काही लिहायच्या आधी ते लिहून टाकते. मीही हसले.

"बरोबर कोण आलंय?" सरांनी विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शेजारच्या पोराकडे. मग पंख्याकडे.

"कुणी न्हाई सायेब. एकटीच हाय."

सरांनी तोंडात बघायचा आरसा नेमका माझ्या हातात दिला. "तू सांग. काय दिसतंय?"

मी आईवर वाकले. "पुअर ओरल हायजीन, सर." इंग्रजीत बोलले. तिला कळू नये म्हणून.

"शाबास."

त्या दिवशी दाढ काढलीच नाही. तास संपला, सर चहाला गेले. तिला उद्या या म्हणून सांगितलं. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तासगावची गाडी लागायची होती. मी रडायच्या बेतात होते. ती नव्हती.

"तोंड लय नावाजलं गं माझं," ती म्हणाली. "एवढी डाक्टरं वाकून वाकून बघत हुती. आमदाराच्या बायकूलाबी एवढा मान न्हाई."

"आई, तू ओळख का दिली नाहीस?"

"तू दिलीस व्हय?"

गाडी लागली. ती चढून बसली. दाढ तिनं पुढं तासगावातच काढून घेतली. माझ्या कॉलेजात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. पदवीच्या दिवशीसुद्धा नाही.

मी तापट आहे असं लोक सांगतात. घासाघीस करणारी आहे हे मी सांगते. मिरजेतल्या एका निवृत्त डॉक्टरांकडून जुनी खुर्ची घेताना मी त्यांचं डोकं इतकं खाल्लं की वैतागून त्यांनी वर स्टूलही दिलं. ती खुर्ची घेऊन मी मेढ्याला दवाखाना टाकला. जावळीच्या वरच्या गावांना तोवर दातांचा डॉक्टर म्हणजे साताऱ्याची वारी. दर मंगळवारी मी त्या गावांतल्या शाळांतून जायला लागले.

पहिलं वर्ष मी अगदी सरांसारखी वागले. मिश्री सोडा म्हणून बायकांच्या अंगावर ओरडायचे. त्या माना डोलवायच्या आणि पुन्हा फिरकायच्या नाहीत. शेवटी पारूबाई नावाच्या एका म्हातारीनं मला गप्प केलं.

"आवं डाक्टरीनबाई, तुमी येता मंगळवारी. दुखणं येतंय रोज. तवा तोंडात काय घालायचं, तुमचा कोट?"

कॉलेजात मी पास झाले होते. शिकायला लागले ते त्या दिवसापासून. आधी दुखणं थांबवायचं, मिश्रीचं नंतर बोलायचं. शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून जुन्या साडीचा आडोसा केला. आत एका वेळी एकच बाई. रोज दवाखाना आटोपला की पुस्तकं काढून बसायचे. तोंडाचा फोटो काढायचे तो त्या बाईलाच दाखवायला, गेल्या खेपेपेक्षा काय सुधारलं ते तिला दिसावं म्हणून. प्रत्येकीला शब्द दिला होता, हा फोटो दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही. तेव्हा कुठं बायका यायला लागल्या. पारूबाईच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. असा चट्टा कधी कधी पुढं कॅन्सरवर जातो. तो दर तीन महिन्यांनी बघायचा होता. ती यायची, कारण आडोशामागं तिला कुणी बघत नव्हतं.

आणि सर? सर निवृत्त झाले आणि त्यांना समाजसेवेची उबळ आली. त्यांची सेवा म्हणजे एक बस, एक बॅनर, दुपारचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. किती दात तपासले ते बातमीत असायचं. किती दुखणी थांबली ते नसायचं. यंदाच्या थंडीत त्यांचा फोन आला.

"तुझ्याकडे फोटोंचा खजिना आहे म्हणे. पुस्तक करू, तुझंही नाव घालू. मेढ्याला शिबिर घेतो, तू बायका जमव. आणि कॉलेजात शिकवायला ये. मी शब्द टाकतो."

शिकवायचं हे माझं पहिल्यापासूनचं वेड. फोटोंचं मी टोलवलं, पण शिबिराला हो म्हणाले. लालच म्हणतात ती हीच. मी माझ्या तोंडानं बायकांना बोलावलं आणि माझ्यावर भरवसा ठेवून त्या आल्या.

शाळेच्या हॉलमध्ये बसनं आणलेले कॉलेजचे विद्यार्थी आणि गावोगावच्या बायका, सगळ्यांच्या मधोमध खुर्ची. खुर्चीला कॅमेरा जोडलेला. भिंतीला मोठा टीव्ही. पहिलं नाव पारूबाईचं. तिनं टीव्हीकडे बघितलं आणि पदर तोंडावर ओढला.

"डाक्टरीनबाई, ह्ये काय? समद्या गावाला दावायचं ठरलं नव्हतं आपलं."

"लाजायचं काय त्यात मावशी?" सर म्हणाले. "मुलांना शिकायचंय."

मी घासाघीस सुरू केली. म्हटलं, आडोसा लावू. प्रत्येकीला विचारून. दोन मुलं आत, बाकीची बाहेर. बरं, तीन मुलं. टीव्ही बंद.

सर कंटाळले. "तीन मुलांसाठी बस आणली का मी? आणि या बायकांना कसला आडोसा?"

तेव्हा माझा ताबा सुटला. "तिसऱ्या वर्षाला तुम्ही माझ्या हातात आरसा दिला होता. खुर्चीतली बाई माझी आई होती."

त्यांनी खरोखर आठवून बघितलं. आठवलं नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं वेडे, मग तेव्हाच सांगायचं ना! तिला वेगळं बसवलं असतं."

अगदी मायेनं म्हणाले. त्यांचा सगळा चांगुलपणा तेवढाच. ओळखीच्यांना वेगळं बसवायचं, बाकीच्यांचा गाल ओढायचा. त्यांची मला कीव आली असती, पण तेवढ्यात माझीच किळस आली. कारण इतकी वर्षं मी मनात हेच तर मागत होते. माझ्या आईला वेगळं बसवा. त्या खुर्चीत दुसरी कुणी असती तर मी हसून, आरसा धरून, शाबासकी घेऊन घरी गेले असते आणि मला आठवलंही नसतं. अगदी सरांसारखं.

मी टीव्हीची वायर उपटली. "बस परत न्या, सर."

"आणि तुझं कॉलेजचं काय?"

"तेही बसमध्ये घाला."

"उद्धट," ते म्हणाले. विद्यार्थ्यांनी बॅनर उतरवला. गुंडाळताना तो दोनदा सुटला.

"आता माझं बघताय," पारूबाई म्हणाली, "का अजून कुणाला घालवायचं ऱ्हायलंय?"

आडोशामागं बघितलं. चट्टा वाढला होता, कडा लाल झाली होती. त्याच आठवड्यात तिला तपासणीसाठी साताऱ्याला घेऊन गेले. ती लाजून उठून गेली असती तर मला हे कळलंच नसतं. आता तिच्यावर उपचार चालू आहेत. बरी होईल का, ते आज सांगता येत नाही.

सर सांगलीत माझ्याबद्दल काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. येऊ दे. वरच्या गावांच्या सगळ्या सरपंचांना मी लेखी कळवलंय: आडोसा नसेल, बाईला विचारलेलं नसेल, तर शाळेचा हॉल कुणालाही द्यायचा नाही. मग तो कितीही मोठा सेवक असो. बायकांना वेगळं सांगितलंय, तोंडानं. मीही कधी सरांसारखी वागले तर खुर्चीसकट मला गावाबाहेर काढा.