एक शब्द बंद

शिरूरच्या कंबरदुखीच्या ट्रेनिंगमध्ये मॅडमनी आम्हा फिजिओथेरपिस्टना एक शब्द बंदच करून टाकला होता: 'जपून'. त्यानं पेशंट अजूनच घाबरतो म्हणे. आन् शेवटच्या दिवशी माझ्यासमोर खरा पेशंट, मागं पेन घेऊन मॅडम. मी पास का नापास, हे आत्ताच ठरणार!

पेशंट म्हंजी निमोण्याचे एक आबा. पाठ फळीसारखी ताठ. "वाकलात तर मणका जाईल," असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. तवापासनं वाकणंच बंद. खाली पडलेली टोपीसुद्धा सून उचलून द्यायची; आत्ताबी ती सोबत येऊन कोपऱ्यात उभी होती.

मी समजावलं, दुखतंय म्हंजी मोडतंय असं न्हाई. आबा नुसते हूं हूं करत होते, कमरेवरचा हात काही निघेना. शेवटी एकदाचे वाकायला लागले. बोटं गुडघ्यापर्यंत आली आन् माझ्याच तोंडून निघालं, "जपून हां आबा!"

आबा तिथंच थांबले. कपाळावर घाम. डोक्यावरची टोपी फरशीवर पडली. संपलं सगळं, मला वाटलं.

"पोरी, तुझाच इस्वास न्हाई व्हय?" आबा तसेच अर्धवट वाकून म्हणाले. "मग मला कशाला वाकवतीस?"

 त्यांच्या शेजारी उभी राहिले आन् मीच वाकले, पार फरशीपर्यंत. आबा तिरक्या नजरेनं बघत राहिले. मग गुडघे जरा सैल सोडून हळूहळू खाली आले. बोटं टोपीच्या जवळ पोचली, तेवढ्यात कोपऱ्यातनं सून धावली, "आबा, जपून!"

आबांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आन् सुनेकडं बोट दाखवून मॅडमना म्हणाले, "बाई, हिलाबी बसवा ट्रेनिंगला."