पाया पडणार न्हाय

तो पान चघळत चघळत माझ्या तोंडावर थुंकला. भर दुपारी, आश्रमाच्या दारात. लाल पिंक डोळ्यात गेली, लुगड्यावर सांडली.

"बाजूला हो, रांडे. आमच्या घरची बाई हाय ती."

जांबोटीकडचा जमीनदार. धाकट्या भावाची विधवा चंद्रा पोटुशी राहिली, तशी बेळगावला पळून आमच्या महिलाश्रमात आली. पोट कुणाचं, ते तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. ह्याचंच. आता तिला न्यायला हाच आलता.

मी तिथं दारावर असायची, बाळंतपणंबी मीच करायची. जात विचारून माझा तांब्या वेगळा ठेवलेला. पण आश्रमात जन्मलेल्या प्रत्येक पोराला पहिला हात माझाच लागायचा, तवा कुणाला विटाळ होत नव्हता.

शिव्या रोजच्याच. कुणाचा बाप यायचा, कुणाचा भाऊ. एकानं माझा हात पिरगाळला, एकानं चपलीनं हाणलं. दर खेपेला आश्रमाचे सेक्रेटरीसाहेब म्हणायचे, "मोठी माणसं आहेत. पाया पड, मिटवून टाक." आणि मी पडायची. माझंबी पोट भरायचं होतं. दुसरीकडं कोण ठेवणार होतं?

त्या दिवशीबी साहेब व्हरांड्यात खुर्चीवर होते. सगळं बघितलं त्यांनी. उठले न्हाईत. छपराची कौलं त्या जमीनदारानं दिलेली.

"पाया पड त्यांच्या," साहेब म्हणाले. "आणि चंद्राला बाहेर आण."

मी आत गेले. चंद्रा भिंतीला टेकून बसलेली.

"जाणार काय गं?"

"मारून टाकंल आक्का मला."

माझ्या अंगाचा भडका उडाला. बाहेर आले. तोंड पुसलं न्हाय.

"पाया पडणार न्हाय," म्हटलं. "बाईबी देणार न्हाय. पोट ह्यानंच केलंय. विचारा की त्याला!"

जमीनदार काळाठिक्कर पडला. साहेब ओरडले, "नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे."

चंद्राचा हात धरला आणि दोघांच्या मधनं चालत निघाले. तसंच थुंकीभरलं तोंड घेऊन पोलीस कचेरीत गेले. फौजदार हसला. "तुझ्यावर थुंकला म्हणून तक्रार?" लिहून घेतली न्हाय. शहाण्यांच्या आश्रमात न्हाय, सरकारच्या कचेरीत न्हाय. मग न्याय ठेवलाय कुठं?

जवळच कंग्राळीत, माझ्या भावाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहिलो. जमीनदार तिथंबी आला. मी कोयता मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले. गाडीतनं उतरायची छाती झाली न्हाय त्याची. त्याच खोलीत चंद्रा बाळंत झाली. मुलगी झाली.

नंतर साहेबांचा निरोप आला. माफी लिहून अंगठा दे, परत ठेवून घेतो.

निरोप्याला सांगितलं, "माफी त्यांनी मागायची. मागितली तरी मी देणार न्हाय."

आता माझ्या दारावर आश्रमासारखी साहेबांची कमिटी न्हाय. जी बाई येईल तिला आत घेणार. तिला ओढून न्यायला जो येईल, त्यानं आधी माझ्याशी भिडायचं. एवढं आयुष्य वाकून काढलं. इथनं पुढं न्हाय.